मुखवट्याच्या आतला मुलगा
(चित्रकथेतील सुपरहिरो आणि कुमार कादंबरी : एक अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला

वसतिगृहातील खोलीत एका रात्री मी एक इंग्रजी कादंबरी आणि शब्दकोश अशी दोन पुस्तके समोर उघडी ठेवून वाचत बसलो होतो. शेजारच्या कॉटवरील मित्राने कादंबरीचे मुखपृष्ठ पाहिले आणि तो हसून म्हणाला, "अरे, स्पायडरमॅन? एवढा घोडा झालास तरी पोरखेळ सुटला नाही होय रे?" मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख हे त्याला दिलेले उत्तर समजावे.

आरंभीच एक कबुली देतो. मी समीक्षक नव्हे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझा आणि चित्रकथांचा संबंध आला तो मामांच्या रद्दीच्या दुकानात. सुट्टीत तेथे गेलो की वजनकाट्याशेजारच्या गठ्ठ्यांतून मी रंगीत पाने शोधून काढी. इंद्रजाल कॉमिक्सचा 'वेताळ' मला तेथेच भेटला. पुढे वर्गात 'माध्यमांतर' हा विषय चर्चेला आला. नाटकाचा चित्रपट होतो, कादंबरीचे नाटक होते, हे सरांनी उदाहरणे देऊन सांगितले. तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला की चित्रकथेची कादंबरी होत असेल काय? आणि झालीच तर चित्रे काढून घेतल्यावर मागे उरते काय? सरांना विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या संग्रहातील दोन-तीन पुस्तके काढून दिली. तेथून हा अभ्यास सुरू झाला.

थोडी पूर्वपीठिका

सुपरहिरो ही कल्पना आज जगभर पसरली असली तरी तिचे मूळ अमेरिकेत आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँड शहरातील दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. दोघेही परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतील मुलगे. या नायकाचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलर्सना विकले. पुढे त्या नायकावर अफाट पैसा मिळाला, पण तो इतरांना. १९७५ साली बराच गाजावाजा झाल्यावर या दोघांना कंपनीकडून वार्षिक निवृत्तिवेतन मिळू लागले आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. ही हकीगत लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण सुपरहिरोवर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला आजही परक्याच्या मालकीच्या शेतात पेरणी करावी लागते. त्या मुद्द्याकडे मी पुढे येईनच.

सुपरमॅनवर कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न फार लवकर झाला. जॉर्ज लोथर हे सुपरमॅनच्या नभोवाणी मालिकेचे लेखन करीत. त्यांनी १९४२ साली 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' ही कादंबरी लिहिली. तिला चित्रे खुद्द शूस्टर यांची होती. चित्रकथेत सुपरमॅनचे बालपण दोन-चार चौकटींत आटोपले होते. लोथर यांच्याजवळ पाने होती. त्यांनी त्याच्या नष्ट झालेल्या ग्रहाचे वर्णन केले, त्याला वाढविणाऱ्या शेतकरी दांपत्याला घरदार आणि स्वभाव दिला, आणि त्या शेतकरी बापाचा मृत्यूही दाखविला. सुपरमॅनच्या जन्मदात्यांच्या नावांची आज रूढ असलेली 'जॉर-एल' आणि 'लारा' ही रूपे याच कादंबरीने दिली. म्हणजे कादंबरीने चित्रकथेकडून घेतले तसे तिला काही परतही केले.

आपल्या ओळखीच्या वेताळाचेही असेच झाले. ली फॉक यांचा हा नायक १९३६ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांत प्रथम आला. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे पोहोचला आणि १९९० साली ती माला बंद पडेपर्यंत मराठी मुलांनीही तो वाचला. याच वेताळाच्या कथा १९७२ पासून अमेरिकेत छोट्या कादंबऱ्यांच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. पहिली कादंबरी फॉक यांनी स्वतः लिहिली होती.

मात्र या कादंबऱ्यांचा भर साहसावर होता. ज्याला इंग्रजीत 'यंग अडल्ट' म्हणतात आणि मी या लेखात 'कुमार कादंबरी' म्हणणार आहे, तो प्रकार नंतरचा. एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती केवळ अठरा वर्षांची होती. मुलांनी कसे वागावे हे सांगण्याऐवजी मुलांना आतून काय वाटते हे सांगणारी कादंबरी तेव्हापासून रुजली असे मानतात. सुपरहिरो आणि ही कादंबरी यांची भेट कशी झाली, हाच माझा विषय.

चित्र काढून घेतल्यावर

स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हा ग्रंथ लिहिला. विशेष म्हणजे तो ग्रंथही चित्रकथेच्याच रूपात आहे. त्यातील एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. ते सांगतात की चित्रकथेचे मर्म दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत असते. एका चौकटीत मूठ उगारलेली असते, दुसऱ्या चौकटीत माणूस जमिनीवर पडलेला असतो. तडाखा कोठेच काढलेला नसतो. तो वाचकाने मनात मारायचा असतो.

आता कादंबरीकाराची अडचण पाहा. इमारतीवरून झेप घेणारा स्पायडरमॅन चित्रकार एका चौकटीत दाखवितो आणि आपण क्षणभर श्वास रोखतो. तीच झेप शब्दांत सांगायची तर चार वाक्ये लागतात, आणि चौथ्या वाक्यापर्यंत झेपेतील वेग निघून जातो. लाल-निळ्या पोशाखाचे वर्णन वाचताना तर तो शिंप्याकडे टाकलेल्या कपड्यासारखा वाटू लागतो. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत मारामारीची प्रकरणे मला सर्वांत कंटाळवाणी वाटली, याचे कारण हेच असावे.

पण एका हाताने गमावलेले दुसऱ्या हाताने मिळते. चित्रात मुखवटा दिसतो, मुखवट्याच्या आतला चेहरा दिसत नाही. चित्रकथेत विचार सांगण्यासाठी ढगासारखा आकार काढतात खरा, पण त्यात मावून मावणार किती? दोन ओळी! कादंबरीला मात्र त्या चौकटींमधील मोकळ्या जागेत मुक्काम करता येतो. उगारलेली मूठ आणि पडलेला माणूस यांच्यामध्ये त्या मुठीच्या मालकाला काय वाटले, हे ती दहा पाने सांगू शकते.

वय न वाढणारा नायक

दुसरी अडचण याहून खोल आहे. इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा माझ्या समजुतीप्रमाणे असा आहे. पुराणकथेतील वीर पूर्ण झालेला असतो. त्याचे काय झाले हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. कादंबरीतील नायकाचे तसे नाही. तो जगतो, निर्णय घेतो, आणि प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचे आयुष्य थोडे खर्ची पडते. सुपरमॅनला पुराणातील वीराप्रमाणे अढळ राहायचे असते, आणि तरी दर अंकात नवी गोष्टही घडवायची असते. म्हणून त्याच्या कथांतील काळ स्वप्नातल्यासारखा अस्पष्ट ठेवतात. मागच्या अंकात काय झाले याचा ओरखडा पुढच्या अंकात राहत नाही.

हे खरे असेल तर सुपरहिरो आणि कुमार कादंबरी यांचे जमावे कसे? कुमार कादंबरीचा तर प्राणच मुळी वाढण्यात आहे! पहिल्या पानावरचा मुलगा शेवटच्या पानावर तसाच राहिला तर ती कादंबरी फसली असे आपण म्हणतो. त्यातून नायक कंपनीच्या मालकीचा. लेखकाला त्याला मारता येत नाही, म्हातारा करता येत नाही, त्याचे लग्नदेखील मनाप्रमाणे लावता येत नाही.

या पेचातून लेखकांनी काढलेली वाट मोठी चतुर आहे. नायक नायक होण्यापूर्वीचे दिवस त्यांनी निवडले. त्या काळात बदल चालतो, कारण तेथे तो अजून घडायचाच असतो. चित्रकथेनेही ही वाट काही अंशी दाखविली होती. पूर्वी पोरगेलेसे पात्र बहुधा मोठ्या नायकाचा मदतनीस असे. १९४० साली आलेला बॅटमॅनचा रॉबिन हे त्याचे ठळक उदाहरण. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटर पार्कर या शाळकरी मुलालाच नायक केले, आणि मुखवट्याच्या आत गृहपाठाची काळजी असू शकते हे वाचकांना प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

काही कादंबऱ्या

२०१७ पासून अमेरिकेतील रँडम हाउस प्रकाशनाने 'डीसी आयकॉन्स' या नावाने एक माला काढली. कुमारांसाठी लिहिणाऱ्या नामवंत लेखकांकडे एकेक नायक सोपविण्यात आला. ली बार्डूगो यांची 'वंडर वुमन : वॉरब्रिंगर' (२०१७), मारी लू यांची 'बॅटमॅन : नाइटवॉकर' (२०१८), सारा मास यांची 'कॅटवुमन : सोलस्टीलर' (२०१८) आणि मॅट दे ला पेन्या यांची 'सुपरमॅन : डॉनब्रेकर' (२०१९) ही त्यांतील पहिली चार पुस्तके.

बार्डूगो यांची डायना बुडत्या जहाजातील एका मुलीला वाचविते आणि मग तिला कळते की ही मुलगी ट्रॉयच्या हेलनच्या वंशातील असून तिच्या नुसत्या असण्याने जगात युद्धे पेटणार आहेत. वाचविले ते चूक की बरोबर? हा प्रश्न ताकदीने सुटणारा नाही. लू यांचा ब्रूस वेन अठरा वर्षांचा आहे. पोलिसांच्या पाठलागात ढवळाढवळ केल्याबद्दल त्याला अर्खम येथे समाजसेवेची शिक्षा होते आणि तेथे कैदेतील एका मुलीशी त्याची गाठ पडते. कथानक गुंतवून ठेवणारे आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर अठराव्या वाढदिवसाला अफाट इस्टेटीचा मालक होणाऱ्या मुलाच्या दुःखाशी मला फारसे एकरूप होता आले नाही. हा दोष लेखिकेचा की माझा, हे मी सांगू शकत नाही.

'डॉनब्रेकर'ने मात्र मला विचारात पाडले. क्लार्कच्या गावातून मेक्सिकन वंशाची माणसे नाहीशी होऊ लागतात, आणि त्याच वेळी संशयावरून कोणालाही अडवून झडती घेण्याच्या कायद्यावरून गावात दोन तट पडलेले असतात. कोणी म्हणेल, सुपरमॅनमध्ये हे राजकारण कशाला? पण १९३८ च्या मूळ अंकांतील सुपरमॅन पाहा. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणतो, आणि खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत नेऊन मजुरांचे हाल दाखवितो. परग्रहावरील राक्षस पुष्कळ नंतरचे. तेव्हा दे ला पेन्या यांनी काही भलते घुसडले नाही. परठिकाणाहून आलेल्या कुटुंबांतील दोन मुलांनी जो नायक निर्माण केला, त्याला त्यांनी पुन्हा परठिकाणाहून आलेल्यांच्या बाजूला उभे केले.

माइल्स मोरालेस

आता ज्या पुस्तकावरून माझा मित्र हसला, त्याकडे वळतो. माइल्स मोरालेस हा दुसरा स्पायडरमॅन ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी २०११ साली चित्रकथेत आणला. वडील कृष्णवर्णीय, आई प्वेर्तो रिकोची, राहणे ब्रुकलिनला. जेसन रेनॉल्ड्स या कृष्णवर्णीय लेखकाने २०१७ साली 'माइल्स मोरालेस : स्पायडरमॅन' ही कादंबरी लिहिली. पुढे २०२० ते २०२२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने रेनॉल्ड्स यांची कुमार साहित्याचे राष्ट्रीय दूत म्हणून नियुक्ती केली होती.

माइल्स शिष्यवृत्तीवर एका खाजगी निवासी शाळेत शिकतो. शाळेच्या दुकानात कामही करतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर तो 'कमवा आणि शिका' योजनेतील मुलगा आहे. त्याला चेंबरलेन नावाचे इतिहासाचे शिक्षक आहेत. ते वर्गात गुलामगिरीचे 'फायदे' समजावून सांगतात. स्पायडरमॅनला धोक्याची आगाऊ जाणीव होते हे सर्वांना ठाऊक आहे. ती जाणीव या तासाला माइल्सच्या डोक्यात घणघणू लागते. पण पाहावे तर समोर शत्रू नाही, शस्त्र नाही. फळा आहे आणि एक शिकलासवरलेला गृहस्थ बोलतो आहे. माइल्स कोणावर झेप घेणार?

पुढे एका गैरसमजातून त्याला शाळेतून काही दिवस काढले जाते. दुकानातील माल चोरल्याचा आळ येतो. शिष्यवृत्ती धोक्यात येते. माइल्सचे वडील आणि काका तरुणपणी वाईट मार्गाला लागलेले होते, हे त्याला ठाऊक आहे. आणि मग त्याच्या मनात तो भयंकर प्रश्न येतो : आपल्यासारख्या घरातली मुले नायक व्हायची नसतातच की काय? आपल्या रक्तातच काही वावगे आहे काय?

येथे मी पुस्तक मिटून ठेवले. का, ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात मी एका किराणा दुकानात कामाला होतो. एका संध्याकाळी गल्ल्यात पाचशेच्या दोन नोटा कमी भरल्या. मालक ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. सर्वांदेखत एवढेच म्हणाले, "खिसे दाखव बरं." आम्ही तिघे कामाला होतो, खिसे माझे एकट्याचे पाहिले गेले. दोन दिवसांनी त्या नोटा उधारीच्या वहीत सापडल्या. त्यावर कोणी काही बोलले नाही, मीही बोललो नाही. माझे वडील सालगडी आहेत. मला शिकायला पाठविताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "कुनाच्या वस्तूला हात लावू नगंस." त्यांना मी हा प्रकार आजवर सांगितलेला नाही. पण मला खरे लागले ते वेगळेच. त्या रात्री खोलीवर आल्यावर मी माझी पेटी उघडली, स्वतःचे पैसे मोजले, पुन्हा मोजले. चुकून माझ्याकडे तर आले नसतील? म्हणजे मालकांना माझा संशय आला तसा मलाही माझा आला होता.

माइल्सच्या मनातील प्रश्न वाचताना मला ती पेटी आठवली. ब्रुकलिन कोठे आणि आमचे गाव कोठे! त्याच्या समाजाचा इतिहास वेगळा, दुःखाची जात वेगळी. ती आणि माझी एकच असे मी म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याने घेतलेला संशय आपल्याच मनात घर कसे करतो, ते मात्र मला ओळखीचे होते. आणि हे चित्रात दाखविता आले नसते. चित्रकाराने फार तर खाली मान घातलेला मुलगा काढला असता. तो स्वतःचे पैसे पुन्हा का मोजतो, हे सांगायला शब्दच लागतात.

आणखी एक साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. सुपरहिरोला दोन नावे असतात, दोन बोलणी असतात. घरी एक, बाहेर एक. मीदेखील घरी 'म्हंजी' म्हणतो आणि महाविद्यालयात 'म्हणजे' म्हणतो. पहिल्या वर्षी चुकून वर्गात 'म्हंजी' निघून गेले आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. तेव्हापासून मी सावध झालो. आपल्यापैकी किती जणांच्या दप्तरात असा एकेक मुखवटा असेल, कोण जाणे.

या कादंबरीचा शेवट मी सांगणार नाही. रेनॉल्ड्स यांनी २०२३ साली तिचा 'माइल्स मोरालेस : सस्पेंडेड' हा पुढचा भागही लिहिला. तो गद्य आणि कविता यांच्या मिश्रणातून रचलेला आहे. माइल्सला आता कवितेचा नाद लागला आहे आणि शिक्षा म्हणून त्याला दिवसभर शाळेतील एका खोलीत बसवून ठेवले आहे. तेथे त्याची गाठ पडते ती चक्क एका वाळवीशी! तिच्यामुळे जगाचा इतिहास, विशेषतः कृष्णवर्णीय आणि गौरेतर लोकांचा इतिहास, नष्ट होण्याची वेळ येते. ज्यांनी जुन्या ग्रंथालयात वाळवीने पोखरलेले पुस्तक हातात घेतले आहे, त्यांना या शत्रूची भीती समजावून सांगावी लागणार नाही.

समारोप

या माध्यमांतरावर आक्षेप घेता येतील. हा सारा कंपन्यांचा धंदा आहे, चित्रपट चालतो म्हणून कादंबरी काढतात, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरविता येणार नाही. १३० डॉलर्सची हकीगत मी मुद्दामच सांगितली. पण शेत परक्याचे असले तरी पेरणाऱ्याच्या हाताला गुण असतो, हे सालगड्याच्या मुलाने तरी विसरू नये. दुसरा आक्षेप असा की एवढी समाजचिंता घातल्यावर सुपरहिरोची मौज जाते. काही पुस्तकांत ती जाते, हे मला मान्य आहे. जेथे लेखकाला प्रथम उपदेश सुचतो आणि मग मुलगा सुचतो, तेथे ती जातेच.

या अभ्यासातून मला उमगले ते असे. चित्रकथेची कादंबरी करताना शक्तीचे वर्णन करीत बसणारा लेखक हरतो, कारण त्या खेळात चित्र नेहमी जिंकते. ज्या प्रश्नापुढे शक्ती निरुपयोगी आहे, असा प्रश्न जो लेखक नायकापुढे ठेवतो, त्याला कादंबरी सापडते. भिंतीवर चढणाऱ्या मुलाला वर्गात हात वर करून "सर, हे मला पटत नाही" असे म्हणता येईल काय? मला विचाराल तर भिंतीवर चढण्यापेक्षा हेच कठीण आहे.

मित्राला मी ते पुस्तक वाचायला दिले आहे. शब्दकोशही दिला आहे. त्याने अजून परत केलेले नाही, यावरून तो वाचत असावा असा माझा अंदाज आहे.